मेसेज पुढे पाठवण्याआधी



दुपारची भांडी आवरून, कुणी ज्वारी निवडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओ लावून बसल्या असाल. आज आम्ही बचत, कर्ज आणि हप्त्यांवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या हातातल्या फोनवर, आणि त्या फोनवरून घरात शिरणाऱ्या आरोग्याच्या सल्ल्यांवर. तुम्हाला शहाणपण शिकवायला आम्ही आलेलो नाही. आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो. मग तिच्यातून काय शिकलो ते सांगतो.

ज्या ताईंच्या घरी हे घडलं, त्यांना विचारूनच सांगत आहोत. नाव मात्र घेणार नाही.

गेल्या वर्षी शाळूची काढणी चालू होती. आमच्या गटांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तसा तुमचाही असेल. मीटिंगची वेळ, हप्त्याची आठवण, बँकेत कोणी कधी यायचं, असलं सगळं त्यावर चालतं. एका संध्याकाळी त्यावर आम्ही समन्वयक बायांनीच एक मेसेज टाकला. कुठून तरी आलेला होता. वर पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरांचा फोटो. खाली लिहिलेलं, 'गरोदरपणात अंगावर सूज आली तर घाबरू नका. मीठ बंद करा, जवाचं पाणी प्या, लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात त्या थांबवा, आठ दिवसांत सूज उतरेल. जास्तीत जास्त भगिनींपर्यंत पोहोचवा.' आम्हाला वाटलं, चांगलं आहे, बायकांच्या उपयोगाचं आहे. बोट लावलं आणि पाठवून दिलं. एवढा विचारसुद्धा केला नसेल जेवढा आपण मिरच्या घेताना करतो.

गटातल्या एका ताईंच्या सुनेला आठवा महिना लागला होता. पाय सुजले होते, मग तोंडावरही सूज दिसायला लागली. ताईंना वाचता येत नाही. नातवानं मेसेज वाचून दाखवला. ताईंनी लगेच जव आणले, पाणी उकळलं, गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून दिली. सून म्हणाली, "आत्याबाई, डोकं लई दुखतंय." ताई म्हणाल्या, "काढणीचं ऊन लागलं असंल, पड जरा." दुसऱ्या दिवशीही डोकं दुखतच होतं. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, डोळ्यापुढं काजवे चमकतायत, चुलीवरची भाकरी नीट दिसत नाही.

त्या दिवशी आशाताई सहज भेटीला आल्या, हे त्या घराचं नशीब. त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि तिथूनच गाडीला फोन लावला. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला तर तो १७० वर ११० होता. तिथून १०८ च्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, आणि त्याच रात्री बाळंत करावं लागलं. बाळ एक किलो सातशे ग्रॅमचं. तीन आठवडे ते काचेच्या पेटीत होतं.

आज आई आणि बाळ दोघं घरी आहेत. लेकरू आता रांगतं. पण त्या तीन आठवड्यांत आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या ग्रुपवर आलं म्हणून मी खरं मानलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी आशाताईला विचारलं असतं."

बायांनो, हे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यांनी मेसेजवर विश्वास ठेवला नव्हता, आमच्यावर ठेवला होता. दहा वर्षं हप्ते वेळेवर भरून, वहीतला पै-पैचा हिशेब चोख ठेवून जो विश्वास आपण कमावतो, तो एका बोटानं आम्ही कुणा अनोळखी माणसाच्या हाती देऊन टाकला.

आता त्या मेसेजात चूक काय होती ते नीट समजून घेऊ, कारण ते प्रत्येक घरात कळलं पाहिजे. गरोदरपणात संध्याकाळी पाय थोडे सुजणं पुष्कळ जणींना होतं. पण तोंडावर किंवा हातांवर सूज, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी किंवा काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्यायचा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर ते धोक्याचं. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. जवाच्या पाण्यानं हा रक्तदाब उतरत नाही. आणि लोहाच्या गोळ्या रक्त वाढवण्यासाठी असतात, त्या कुणाच्या मेसेजवरून थांबवायच्या नसतात. गोळ्यांनी मळमळलं, शौचाला खडा झाला, तर नर्सताईंना सांगायचं. त्या वेळ बदलून देतील, मार्ग काढतील.

तुम्ही म्हणाल, मग फोन वाईटच म्हणायचा का? नाही. फोन विळ्यासारखा आहे. भाजी चिरतो, आणि लक्ष नसलं तर बोटही कापतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला तर हे फार महागात पडून कळलेलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा मेसेजांनी लोक आधीच भेदरलेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि २०२० साली कोरोनाच्या दिवसांत, फार हातांतून फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं.

याची खूण तुमच्या फोनवरच असते. मेसेजच्या वर एक बाण असेल तर तो कुणी तरी दुसऱ्याकडून घेऊन पाठवलेला आहे. दोन बाण असतील तर तो निदान पाच हातांतून फिरून आलेला आहे, मूळ कुणाचा ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. आम्ही पाठवलेल्या त्या मेसेजवरही दोन बाण होते. आम्ही पाहिले नव्हते. आता गटातल्या वाचता न येणाऱ्या मावश्यासुद्धा बाण मोजतात. त्याला अक्षरं लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, फोन कुणाच्या हातात आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की देशातल्या शंभर बायकांपैकी ५४ जणींकडे स्वतःला वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका शंभरात ३३ आणि पुरुष ५७. खेड्यातल्या बायका तर शंभरात २५ च्या आसपास. त्यानंतर फोन वाढले आहेत हे खरं. पण आमच्या एका गटात आम्ही हात वर करायला सांगितलं, तर अकरा जणींत चौघींकडेच स्वतःचा मोठा फोन निघाला. बाकीच्यांचा फोन म्हणजे नवऱ्याचा किंवा पोराचा. सकाळी तो शेतात किंवा कॉलेजला जातो आणि रात्री परत येतो. आशाताईंनी 'उद्या लसीकरण आहे' असं टाकलं, तर ते घरात पोहोचेपर्यंत लसीकरण उरकलेलं असतं. शिवाय पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, तांबी बसवणं, असलं पोराच्या फोनवर कोण विचारणार?

म्हणून मेसेज पाठवला म्हणजे निरोप पोहोचला, असं आता आम्ही धरत नाही. निरोप कानावर पडला, समजला आणि तिला उलट प्रश्न विचारता आला, तेव्हाच तो पोहोचला.

आता चांगल्या बाजूकडे येऊ, कारण तीही मोठी आहे.

आपल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांना आपण सीएचओ मॅडम म्हणतो. त्यांच्याकडे ई-संजीवनी नावाची सोय आहे. मॅडम संगणकावर किंवा टॅबवर डॉक्टरांना जोडून देतात, डॉक्टर समोर दिसतात, आपलं ऐकतात आणि औषध सांगतात. सरकारची सोय आहे, पैसे लागत नाहीत. आमच्या एका मावशींच्या हातावर दोन वर्षं चट्टे होते. तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि वर गाडीभाडं, म्हणून त्या जातच नव्हत्या. उपकेंद्रात बसून त्यांनी डॉक्टरांना हात दाखवला. पहिल्या दिवशी रेंज गेली, दुसऱ्या दिवशी काम झालं. पण लक्षात ठेवा, छातीत कळ, खूप रक्तस्राव, झटके, साप चावणं, बाळाला दम लागणं, यासाठी पडद्यावरच्या डॉक्टरांची वाट बघायची नाही. सरळ १०८ लावायचा. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ आहे. मन फार उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली मानसच्या नंबरावर दिवसा-रात्री कधीही मोफत बोलता येतं. दुष्काळाच्या आणि कर्जाच्या दिवसांत हा नंबर कुणाच्या तरी घरात लागतो. बाईइतकाच तो तिच्या नवऱ्यालाही लागतो.

आणखी एक सोय आहे, किलकारी. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक फोन येतो. एकूण ७२ निरोप. साधा बटणांचा फोनही चालतो, इंटरनेट लागत नाही, पैसे कापले जात नाहीत. ही सेवा आता आपल्या राज्यातही आहे. पण आमच्याकडे काय होतं? अनोळखी नंबर दिसला की कंपनीची जाहिरात असेल म्हणून पोरं फोन कापतात. किंवा नोंद करताना नवऱ्याचा नंबर दिलेला असतो आणि तो गेलेला असतो ऊसतोडीला. पुण्या-कोल्हापूरकडच्या फडात त्याला 'बाळाला वरचं दूध देऊ नका' असा निरोप येतो! तेव्हा गरोदरपणाची नोंद करताना नर्सताईंना सांगा, की जो फोन तुमच्या जवळ राहतो त्याचाच नंबर लिहा. जवळ फोन नसेल तर सासूचा किंवा शेजारणीचा द्या.

कार्डांचा घोळही इथंच सोडवू. आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा कार्ड वेगळं. आयुष्मान कार्डावर, योजनेत नाव असेल तर, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दवाखान्यात दाखल होऊन घ्यायचे उपचार मिळतात. आभा म्हणजे चौदा आकडी नंबर. तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एका जागी जोडून ठेवण्यासाठी तो असतो. त्यावर उपचाराचे पैसे मिळत नाहीत. तो काढणं तुमच्या मर्जीवर आहे. दोन्हींच्या नावानं फोन येतात, 'कार्ड बंद होईल, ओटीपी सांगा.' ओटीपी म्हणजे आपल्या कपाटाची किल्ली. ती फोनवरच्या माणसाला द्यायची नाही. दिली गेलीच आणि पैसे गेले, तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता आमची दुसरी चूक. ही जिवावर बेतली नाही, पण एका बाईच्या मनाला लागली. वजनाच्या दिवशी काढलेला फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. वजनकाट्यावर बसलेलं लेकरू आणि खाली लिहिलेलं, 'कमी वजनाचे बालक, पालकांनी लक्ष द्यावे.' हेतू चांगला होता. पण ग्रुपवर चाळीस जणी, त्यांच्या घरातले नवरे, पोरं, सगळे बघणारे. गिरणीत त्या आईला कुणी विचारलं, "पोराला जेवायला घालत नाहीस व्हय?" ती दोन महिने मीटिंगला आली नाही, अंगणवाडीतही यायची बंद झाली. म्हणजे ज्या लेकराला आहार मिळावा म्हणून फोटो टाकला, त्याचाच आहार थांबला. आम्ही तिघी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्या घरी येऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?"

खरं आहे. कुणाचा आजार, कुणाची पाळी, कुणाचा गर्भ, कुणाचा रिपोर्ट हा तिचा असतो. दहा जणींनी बघितला की परत झाकता येत नाही. क्षयाचा रिपोर्ट असो की गर्भपाताचा कागद, फोटो काढण्याआधी तिला विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर विषय संपला.

या दोन चुकांनंतर आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, कर्जाच्या ठरावासारखेच.

पहिली, आरोग्याचा कुठलाही मेसेज आशाताई, नर्सताई किंवा सीएचओ मॅडम यांनी पाहिल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाही. दोन बाण असलेला तर नाहीच.

दुसरी, निरोप बोलून पाठवायचा. आपल्याच भाषेत, एका मिनिटात, एका वेळी एकच गोष्ट. जुलाब झाले तर काय, एवढंच. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. सोबत आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या, त्या १४ दिवस पूर्ण द्यायच्या, जुलाब थांबले तरी. झाला एक निरोप. आठवड्याच्या मीटिंगमध्ये हप्ते गोळा झाल्यावर तो सगळ्यांना मोठ्या आवाजात ऐकवतो, आणि मग फोन पिशवीत ठेवून बोलतो. खरा उपयोग त्या बोलण्याचा होतो. कुणी म्हणतं, आमच्याकडे जुलाबात पाणी देत नाहीत. मग दुसरी सांगते, माझ्या पोराला दिलं, बरं वाटलं.

तिसरी, ग्रुपवर कुणाचं नाव, फोटो, रिपोर्ट नाही. जिचं आहे तिच्याशी, तिच्या घरी.

चौथी, चूक झाली तर गुपचूप मेसेज काढून टाकायचा नाही. ज्यांनी आधीच वाचलाय त्यांच्या डोक्यातून तो निघत नाही. त्याच ग्रुपवर, आपल्याच आवाजात सांगायचं की आमचं चुकलं, खरं असं आहे. आणि ज्यांच्या घरी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ आहे तिथं चालत जाऊन सांगायचं.

पाचवी, धोक्याच्या वेळी लिहीत बसायचं नाही, फोन लावायचा. आशाताईंचा नंबर, १०२ आणि १०८ हे तीन नंबर आम्ही घराघरांत स्वयंपाकघराच्या दाराआड खडूनं लिहून आलो. फोन शेजारचा असला तरी नंबर आपल्या भिंतीवर पाहिजे.

हे सगळं सुरळीत चालतं असं नाही. आशाताई आणि अंगणवाडीताईंचा बराच वेळ आता अॅपमध्ये माहिती भरण्यात जातो. वर आम्ही त्यांना मेसेज तपासायला देतो. एकदा एक आशाताई म्हणाल्याच, "बायांनो, मी माणसं बघू का फोन बघू?" त्यांचं खरं आहे. म्हणून आता आठवड्यातून एकदाच, मीटिंगच्या दिवशी, चार-पाच शंका एकत्र करून विचारतो. आणि त्या घरी आल्या की त्यांना चहा देऊन बसवा, अर्धा तास फोन खाली ठेवू द्या. त्या दिवशी आशाताई दारात आल्या नसत्या, तर आज ही गोष्ट सांगायची आमची हिंमत झाली नसती.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावात फोन कुठले. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या शिकल्या आणि घरोघर जाऊन सांगू लागल्या. बाळंतपण कसं करावं, बाळाला काय द्यावं, हे गावानं त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मानलं, कारण सांगणारी ओळखीची होती आणि चुकली तर गावातच सापडणारी होती. आज आपल्या हातात फोन आहे, तो मोठाच आधार आहे. पण त्या मेसेजमागं ओळखीची, जबाबदार बाई असली पाहिजे.

तर या आठवड्याच्या मीटिंगला एवढं करा. आपल्या गटात किती जणींकडे स्वतःचा फोन आहे ते मोजा. ज्यांच्याकडे नाही, त्यांना निरोप कोण सांगणार ते ठरवा. फोन असलेल्या प्रत्येकीनं शेवटचा आलेला आरोग्याचा मेसेज उघडा, बाण मोजा आणि आशाताईंना विचारा, ताई, हे खरं का?

त्या ताई परवाच्या मीटिंगला नातीला कडेवर घेऊन आल्या होत्या. एका सदस्येनं नवा मेसेज वाचायला सुरुवात केली, तर ताईंनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "आधी बाण बघ गं, मग वाच." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, पण आधी मान खाली गेली.

येते पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, एकमेकींची घ्या. नमस्कार.